लेंडी ताजी हवी!

आजचा दिवस वानरांच्या टोळीमागे, नजर मात्र झाडापेक्षा जमिनीवर. डीएनएसाठी रक्तच लागतं असं नाही. विष्ठेच्या बाहेरच्या थराला आतड्याच्या पेशी चिकटून येतात. म्हणून वरचाच थर खरवडायचा. आतल्या चोथ्यातली पानांची द्रव्यं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची क्रिया, अडवतात. वाटाण्याएवढा नमुना, त्याच्या चार-पाचपट ९५ टक्के इथेनॉल. दिवसभराने काढून सिलिका जेलवर सुकवायचा. ऊन-पाऊस लागला की डीएनए तुटतो. दर नमुन्याला नवे हातमोजे, नाहीतर वानराऐवजी स्वतःचाच डीएनए वाचत बसा! सगळ्यात फसवी गोष्ट पुढे प्रयोगशाळेत: डीएनएच्या एकाच जागेची दोन रूपं असतात, एक आईकडून, एक बापाकडून; त्यांना अलील म्हणतात. त्या दोनपैकी एक अलील कधीकधी उमटतच नाही, आणि पिल्लाचा खरा बाप संभाव्य बापांच्या यादीतून बाद होतो. त्यामुळे दोन्ही अलील सारखे दिसले की पीसीआर पुन्हा करायचा, निदान तीनदा. कंटाळा येतो, खरंय.