आमची वाटचाल : नखुल्या आणि ओरेक्किएत्ते

हॉटेल काढायच्या आधी मी सहा वर्षं जहाजावर होतो. नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि एका क्रूझ जहाजाच्या मुदपाकखान्यात भाज्या निवडण्या-चिरण्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्याच्या हंगामात आमचं जहाज दर आठवड्याला बारी बंदराला लागायचं. इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते, तो पुलिया प्रांत. बारी ही त्याची राजधानी. मोकळे चार तास मिळाले की मी जुन्या गावात जायचो. तिथे एका कमानीपलीकडच्या गल्लीत बायका दारातच लाकडी फळी मांडून पास्ता वळत बसलेल्या असतात.

पिठाची करंगळीएवढी वळी करायची, तिचा नखाएवढा तुकडा पाडायचा आणि बोथट सुरीने तो फळीवर आपल्याकडे ओढायचा. तुकडा सुरीला लपेटून येतो. मग तो अंगठ्याच्या टोकावर उलटा केला की झाला कान. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला माझी आजी दिसली. लग्न ठरलं की आमच्या वाड्यात बायका दुपारी जमून गव्हले, मालत्या, नखुल्या असे खिरीत घालायचे रव्याचे बारीक प्रकार हाताने वळायच्या. तोच रवा, तेच पाणी, तशीच बोटं. नखुलीला नखाची खूण, याला अंगठ्याची.

इटलीच्या उत्तरेला, बोलोन्याकडे, ताज्या पास्त्यात अंडं घालतात. पुलियात मात्र कडक गव्हाचा रवा आणि पाणी, एवढंच. हा गरिबांचा स्वयंपाक आहे. चीज परवडत नसे म्हणून पावाचा चुरा तेलात खरपूस परतून वरून घालत, आजही घालतात. नाशिकमध्ये निम्मी गिऱ्हाइकं शाकाहारी असणार हे मला माहीत होतं. त्यामुळे नाशिकला काही करायचं तर याच एका प्रांताचं, हे तिथेच ठरलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत सहा टेबलांची जागा घेतली. ते सिंहस्थाचं वर्ष होतं. २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर या तिन्ही पर्वण्यांना शहरात जागोजागी बॅरिकेड्स होते, आणि आम्ही रिकाम्या टेबलांवर नॅपकिन लावून बसलो होतो. पण त्याहून मोठं संकट स्वयंपाकघरात होतं. दुकानातल्या बारीक रव्याचे कान मी उकळत्या पाण्यात सोडले आणि दोन मिनिटांत त्यांची लापशी झाली. एका पुरवठादाराने कडक गव्हाचा म्हणून जो रवा दिला त्यात भेसळ निघाली. बाहेरून मागवलेला रवा वापरायचा तर एका थाळीचा भाव कुणाला सांगायचीही लाज वाटली असती.

वाट दाखवली ती आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. त्या निफाडकडच्या. म्हणाल्या, "दादा, रवा विकत कशाला आणता? बन्सी गहू आणा, मी काढून देते." बन्सी म्हणजेच कडक गहू, इंग्रजीत ज्याला ड्युरम म्हणतात तो. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने या गव्हाचे जे वाण काढले त्यांतल्या दोघांची नावं 'पंचवटी' आणि 'गोदावरी' आहेत. हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मी बारीचं पीठ शोधत होतो आणि गहू माझ्याच जिल्ह्यात होता.

मावशींनी गहू ओलवले, फडक्यात बांधून रात्रभर ठेवले, सकाळी गिरणीतून जाडसर भरडून आणले. मैद्याच्या चाळणीने सपीट वेगळं, कोंडा वेगळा, मधला रवा वेगळा. हा रवा गिरणीवाल्या काकांकडून पुन्हा एकदा बारीक दळून घेतला. कोमट पाण्यात भिजवून, तासभर झाकून, मग तिंबला. ते कान पाण्यात टिकले, आणि दाताखाली हवे तसे चिवट लागले. मावशींनी भांड्यांचं काम त्याच महिन्यात सोडलं. आज पिठाच्या टेबलाच्या प्रमुख त्या आहेत, आणि त्यांच्या हाताखाली चार जणी.

भाजीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तिकडे या पास्त्यात सलगमच्या जातीचा एक कडसर पाला घालतात, तो इथे मिळत नाही. मेथी घालून पाहिली. मेथीचा वास बाकी सगळं झाकून टाकतो. शेवटी मुळ्याचा कोवळा पाला आणि थोडी ब्रोकोली यावर थांबलो. पाला आणि कान एकाच पाण्यात शिजवतो, तेलात लसूण आणि लाल मिरची. मूळ पदार्थात खारवलेली छोटी मासळी असते. मागितली तर घालतो, एरवी नाही. हे सगळं मेनूकार्डावर स्पष्ट लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकाला फसवून खाऊ घालण्यात मला रस नाही.

पहिलं वर्षभर लोक विचारायचे, "व्हाइट सॉस पास्ता नाही? पिझ्झा पण नाही?" आणि उठून जायचे. भाड्याचा दिवस जवळ आला की मन डळमळायचं. बायको खंबीर राहिली. तिने बारीचा फोकाच्चा, म्हणजे भट्टीत भाजलेला जाड चपटा पाव, शिकून घेतला. त्यात कुस्करलेला उकडलेला बटाटा असतो आणि वरून टोमॅटो बोटांनी दाबून बसवतात. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटचा टोमॅटो जाड सालीचा, दूरच्या प्रवासाला टिकणारा. फोकाच्च्याला रसाळ गावठीच लागतो. संध्याकाळी भट्टीचा वास गल्लीत पसरायला लागला आणि क्लासला जाणारी मुलं थांबायला लागली. मुलांच्या मागून आई-वडील आले. सोललेल्या सुक्या बाकल्याची, म्हणजे वालासारख्या एका कडधान्याची, तिकडची दाट पेज एका आजोबांनी चाखली आणि म्हणाले, "अहो, हे तर पिठलंच." ते आजही दर गुरुवारी येतात.

लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद होतं तेव्हा वाळवलेले कान पावशेराच्या पाकिटांतून विकून पगार दिले. आता टेबलं चौदा आहेत, रविवारी तासभर थांबावं लागतं. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो, पण यंत्र आणणार नाही.

दोन वर्षांपासून एक नवं काम सुरू झालं आहे. लग्नसराईत लोक रुखवतासाठी गव्हले आणि नखुल्या विचारायला येतात, कारण घरी वळणारं कुणी उरलेलं नाही. सकाळी कान, दुपारी नखुल्या, त्याच टेबलावर. ज्यांना हव्या असतील त्यांनी पंधरा दिवस आधी सांगावं. मावशींना घाईत वळलेली नखुली चालत नाही, त्या ती मोडून पुन्हा वळतात.