तीस मार्चपर्यंत

विमा एजंटाचा पगार किती, असं कुणी विचारलं की मी म्हणते, शून्य. तो शून्य मार्चमध्ये फार मोठा दिसतो. वर्षाचं क्लोजिंग, विकास अधिकाऱ्यांचे, म्हणजे आमच्या साहेबांचे, दिवसातून चार फोन, आणि नेमकं त्याच वेळी आमच्या तासगावात सगळ्यांचं लक्ष बेदाण्याच्या सौद्याकडे. शेतकऱ्याचा माल शेडवर, पैसे व्यापाऱ्याकडे, विक्रीच्या हिशेबाची पट्टी अजून यायची. "पट्टी आली की बघू ताई," हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि चहा पिऊन निघायचं.

2023 च्या मार्चमध्ये मात्र एक मोठी केस माझ्या हातात होती. बेदाण्याचे व्यापारी, वर्षाला एक लाखाचा हप्ता. लांब मुदतीच्या पॉलिसीवर आम्हाला तेव्हा पहिल्या वर्षी बोनस कमिशन धरून पस्तीस टक्क्यांपर्यंत मिळायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. म्हणजे या एका सहीचे पस्तीस हजार. मुलीची कॉलेजची फी मी मनातल्या मनात भरूनही टाकली होती. अठ्ठावीस तारखेला अकरा वाजता सही करायची ठरली होती.

सकाळी आठलाच फोन आला. सावळजकडचा माझा एक ग्राहक, छोटा हत्ती चालवणारा, सव्वीसच्या रात्री हार्ट अटॅकनं गेला होता. वय अडतीस. फोनवर त्याचा मेहुणा. आवाज दबका.

"ताई, फेब्रुवारीचा हप्ता राहिलाय हो त्यांचा. आज ऑनलाइन भरून टाकतो. आणि दाखल्यावर मरणाची तारीख दोन दिवस पुढं लावून घेतो, ओळख हाय आपली. मग बसंल न्हवं क्लेममध्ये?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काही भरू नका. कुठली तारीख बदलू नका. मी येते."

पॉलिसी 28 नोव्हेंबर 2018 ची, तिमाही 2,700 रुपयांची. राहिलेला हप्ता 28 फेब्रुवारीचा. तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, म्हणजे 30 मार्चपर्यंत. माणूस गेला 26 ला. पॉलिसी चालूच होती! सवलतीच्या मुदतीत मृत्यू झाला तर पूर्ण विमा मिळतो; फक्त राहिलेला हप्ता आणि त्या विमा-वर्षातले पुढचे हप्ते कापून घेतात. शिवाय तीन वर्षं उलटल्यावर कलम 45 प्रमाणे कंपनीला पॉलिसीवर शंकाही काढता येत नाही. सगळं सरळ असताना हे भले लोक खोटा दाखला काढून स्वतःचाच क्लेम बुडवायला निघाले होते.

व्यापाऱ्यांना फोन करून सांगितलं, दुपारी येते. ते "हं" म्हणाले. हा "हं" कसला असतो ते धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं.

राख सावडून माणसं नुकतीच परतली होती. अशा घरात एजंटानं कागद काढायचे नसतात, पण त्या दिवशी काढले. ओसरीवर बसून मेहुण्याला आणि गेलेल्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे त्याच्या बायकोच्या दिरांना, तारखा बोटांवर मोजून दाखवल्या. दीर पुन्हापुन्हा तेच विचारत होते, "पण पावती न्हाई की!" हप्त्याची पावती नाही म्हणजे पॉलिसी मेली, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय. निम्मा दोष आमचाच आहे. हप्ता मागताना आम्ही "नाहीतर बंद पडेल" एवढंच सांगतो, सवलतीचं बोलत नाही. मूळ बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, कपाटात साड्यांखाली सापडला. वारस म्हणून बायकोचं नाव होतं. ती आतल्या खोलीत होती. तिच्याशी मी त्या दिवशी बोललेच नाही.

व्यापाऱ्यांच्या पेढीवर पोचायला तीन वाजले. दुसऱ्या एका एजंटाचा माणूस आधीच बसला होता.

"ताई, हे पहिल्या वर्षाचं निम्मं कमिशन परत देतायत. तुम्ही किती देता?"

विमा कायदा 1938, कलम 41. कमिशन परत देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा, दंड दहा लाखांपर्यंत. प्रस्तावाच्या फॉर्मवरच ते छापलेलं असतं. मी बोट ठेवून दाखवलं. ते हसले. "वाचतंय कोण?" सही दुसऱ्या फॉर्मवर झाली. गावोगाव हेच चाललंय, आणि त्यात नवीन पोरं दोन वर्षांत धंदा सोडतात, कारण कमिशन वाटून टाकलं की खायला राहतं काय?

संध्याकाळी साहेबांनी फोनवर सुनावलं ते सुनावलंच. क्लेमच्या धावपळीचं काही टार्गेट नसतं.

क्लेम मात्र मंजूर झाला. अडीच लाख अधिक पॉलिसीवर साठलेला बोनस, वजा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट अशा तीन हप्त्यांचे 8,100. साहेब म्हणाले, त्या पैशांची बायकोच्या नावानं एकरकमी पॉलिसी करून टाक, दोन टक्के तरी सुटतील. त्या बाईला महिन्याला पैसे हवे होते, म्हणून पोस्टाची मासिक योजना सांगितली. तिथं मला काही मिळत नाही.

थोरल्या दिरांना हेच पटेना. "ताई, खरं सांगा, ह्यात तुम्हाला किती मिळालं?"

"क्लेममध्ये एजंटाला काही नसतं."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. पण दिवाळीनंतर स्वतःची पॉलिसी काढायला आले. मी फॉर्म भरायच्या आधीच सांगितलं, यात मला पहिल्या वर्षी साधारण साडेचार हजार मिळतील.

दीर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "बरं, मग त्यातलं आमाला काय?"