पतंगांचे कपडे: सहापैकी तीन झाले

सहा कपड्यांचा संच ठरवला होता, त्यातले तीन हातावेगळे झाले. चौथ्याचं कापड धुऊन ठेवलंय.

दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांचं मला लहानपणापासून वेड आहे. फुलपाखरू दिसलं की लोक फोटो काढतात आणि पतंग दिसला की दिवा मालवतात, याचं अजूनही वाईट वाटतं. म्हणून हे कपडे पतंगांचे. पहिल्याच दिवशी एक नियम घालून घेतला: पतंगाचं चित्र कुठेही छापायचं नाही, भरायचंही नाही. पंख जे करतो, ते कापडाने करायचं.

सगळ्यात मनासारखं जमलं ते कॅटोकालाचं जॅकेट. या पतंगाचे पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे करडे असतात. खोडावर बसला की शोधून सापडत नाही. कुणी डिवचलं की पुढचे पंख बाजूला होतात आणि मागच्या पंखांचा रंग एकदम उघडा पडतो. काही जातींत तो लाल, काहींत पिवळा किंवा निळसर, त्यावर काळे पट्टे. नावातही तेच आहे: ग्रीकमध्ये ‘काटो’ म्हणजे खाली आणि ‘कालोस’ म्हणजे सुंदर.

आधी करड्या लोकरीला नुसतं लाल अस्तर लावणार होते. पण अस्तर दिसायला जॅकेट काढावं लागतं, आणि पतंग काही पंख काढून दाखवत नाही. मग काखेत चीर देऊन चौकोनी कळी, म्हणजे जोडतुकडा, घातली, लाल कापडाची, काळ्या पट्ट्या जोडून. बाजू 10 सेंटीमीटर. हात खाली असला की ती घडी होऊन आत जाते, हात वर गेला की उघडते. आरशासमोर पहिल्यांदा हात वर केला तेव्हा मी खरंच ओरडले!

कळी घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चीर जिथे संपते तिथे माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) जवळजवळ शून्यावर येते आणि विणीचे धागे तिथूनच सुटतात. मी चीर देण्याआधी त्या टोकावर ऑर्गंझाचा, म्हणजे पातळ आरपार कापडाचा, उरेब (तिरका कापलेला) तुकडा ठेवून बारीक टीप मारली, टोकावर एक टाका आडवा घेतला, मग टिपेपर्यंत एक धागा राखून कापलं आणि तो तुकडा आत उलटवला. कळी जोडताना शेवटचे तीन-चार टाके हातानेच घातले. मशीनवर दोनदा चुणी आली होती, हाताने एकदाही नाही.

मखमलीच्या ड्रेसने मात्र रडवलं. पतंगाच्या पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, सगळ्यांचा रोख पंखाच्या कडेकडे. मखमलीची लवही तशीच एका दिशेची, म्हणून तर हे कापड निवडलं. आणि तरी कापड वाचवायच्या नादात पाठीचा डावा तुकडा उलटा बेतला. टेबलावर काही कळलं नाही. शिवून टांगला, तेव्हा डावी पाठ उजवीपेक्षा उजळ दिसायला लागली. लव खाली वळलेली असली की मखमल फिकी चमकते, वर वळलेली असली की रंग गडद आणि खोल दिसतो. सगळं उसवून तो तुकडा नव्याने कापला. आता प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढते, मगच कातर हातात घेते.

तिसरी अ‍ॅटलास पतंगाची ओढणी. याचे पंख पसरले की 24-25 सेंटीमीटर भरतात, आणि चारही पंखांवर एकेक त्रिकोणी खिडकी असते. तिथे खवलेच नसतात, म्हणून आरपार दिसतं. मीही चार त्रिकोण कापून मागून ऑर्गंझा लावला. सोपं काम, निगुतीने केलं की झालं.

आता चौथा, रेशमी सदरा. इथे बरेच दिवस अडले होते. तुतीच्या रेशमासाठी सहसा कोष आत पतंग होऊ घातलेल्या जिवासकट उकळतात, म्हणजे अखंड धागा निघतो. पतंगांसाठी शिवायचं आणि त्यांनाच मारून काढलेला धागा वापरायचा, हे मनाला पटेना. शेवटी एरी घेतलं, दुसऱ्या एका पतंगाचं रेशीम. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो, पतंग तिथून बाहेर पडू शकतो, आणि मग कोषाचं सूत कापसासारखं कातता येतं. मी बाहेर पडल्यानंतरच्या कोषांचं सूत आहे याची खात्री करूनच कापड घेतलं. चमक कमी आहे, हाताला थोडं लोकरीसारखं लागतं. शिवाय एरीचा पतंग अ‍ॅटलासच्याच कुळातला!

गळ्याला नराच्या मिशा करायच्यात, पिसासारख्या दोन्हीकडे फाटे फुटलेल्या. मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो. उरेब पट्ट्यांच्या कडा उसवून एक नमुना केला, पण धागे झिपऱ्यांसारखे लोंबतात. आज पट्टीच्या मधोमध दोन टिपा मारून पुन्हा बघते.