मन्याने पापड खाल्ले, हे कशावरून?

उताऱ्यावरचे प्रश्न म्हणजे हमखास गुण, असं आपण मुलांना सांगतो आणि तिथेच घोळ होतो. प्रश्नातला एक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवायचं, एवढंच मूल शिकतं. सोप्या प्रश्नांना ते चालतंही. ‘का’ आणि ‘कशावरून’ आले की गाडी अडते.

तिसरी-चौथीसाठी पाच-सहा वाक्यांचा अपठित उतारा पुरतो. पुस्तकातला धडा नको, त्याची उत्तरं गाईडमुळे पाठ असतात. वाक्यांना आकडे द्यावेत. हा एक घ्या:

(१) सकाळी सखूआजीने दार उघडलं. (२) अंगणातली माती ओली होती आणि पन्हाळीतून अजून थेंब पडत होते. (३) रात्री ती झोपली तेव्हा आभाळात चांदण्या होत्या. (४) तिने बाजेवरच्या पापडांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. (५) “मन्या, तुला सांगितलं होतं ना!” ती आत वळून ओरडली.

आधी उतारा एकदा सलग वाचू द्या, पेन्सिल खालीच. मग एकच प्रश्न: रात्री काय झालं? ‘पाऊस’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही, त्यामुळे उतरवून काढायची सोय नाही. प्रश्न काढताना हे मुद्दाम साधावं लागतं. उत्तर आलं की ‘कोणत्या वाक्यावरून?’ विचारा आणि पुराव्याच्या पाच-सहा शब्दांखालीच रेघ मारायला लावा. मर्यादा घातली नाही तर अख्खा उतारा अधोरेखित होऊन येतो.

खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: आजी मन्यावर का ओरडली? ‘मन्याने पापड खाल्ले’ हे उत्तर येतंच. ते लगेच चूक ठरवू नका. वाक्य ५ त्याला जुळतं. वाक्य ४ दाखवा: पापड अजून बाजेवरच आहेत. मग वाक्य २ दाखवा: बाहेर सगळं ओलं आहे. आता मूल स्वतःच सांगतं की पापड आत घ्यायला सांगितलं होतं, मन्या विसरला, पापड भिजले. एका वाक्याला जुळणारं उत्तर बाकीच्या वाक्यांवर घासून बघायचं, ही सवय इथे लागते. शिष्यवृत्तीच्या पेपरातले फसवे पर्यायही बहुतेक असेच, एका वाक्याला चिकटून बेतलेले असतात.

‘आजीचं डोकं दुखत होतं’ हे उत्तरही येईल. तिथे अडचण पुराव्याची नसून वाक्प्रचाराची आहे. तो समजावून द्या आणि पुढे चला.

लिहिताना सुरुवातीला साचा द्यावा: ‘___ असं वाटतं, कारण उताऱ्यात ___ असं म्हटलं आहे. यावरून ___ कळतं.’ तिसरी जागा मुलं हटकून गाळतात. पुरावा चिकटवला की काम झालं असं त्यांना वाटतं. म्हणून गुण तोडून द्या: उत्तराला एक, पुराव्याला एक, दोन्ही जोडण्याला एक. तिन्ही जागा न सांगता भरल्या जाऊ लागल्या की साचा काढून घ्या, नाहीतर आठवीतही तेच छापील वाक्य वाचावं लागेल. आणखी एक बारीक खोड: ‘तिने पाहिलं’ असं जसंच्या तसं उतरवणं. उत्तरात ‘ती’ कोण ते आलंच पाहिजे.

दर उताऱ्यात उत्तर नसलेला एक प्रश्नही टाका. पापड कशाचे होते? निम्मा वर्ग बेधडक ‘उडदाचे’ लिहितो, कारण घरी तेच असतात. ‘उताऱ्यात सांगितलेलं नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्या, आणि तसं आधीच सांगून ठेवा. फळ्यावर प्रश्न आहे म्हणजे उत्तर असणारच, असं धरून चालणारी मुलं एरवी ते लिहायला धजत नाहीत.