घाटात हीटर, तोही मे महिन्यात

आज कुंभार्ली घाटात आमच्या म्हाताऱ्या फोर बाय फोर गाडीचा टेम्परेचरचा काटा पुन्हा लालकडे. इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर फुल सोडून, घामाने निथळत कशीबशी वर आणली. महिनाभर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय, खाली मात्र थेंब नाही. माझ्या डोक्यात एकच, हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं, कूलंट आतच जातंय!

मिस्त्रीने आधी डिपस्टिक पाहिली. ऑइल काळंच, दुधाळ नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं नाही. मग इंजिन गार झाल्यावर गळती शोधायला रेडिएटरला हातपंपाने प्रेशर दिलं. दहा मिनिटं काहीच नाही. आणि मग कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंटचा हिरवा थेंब डोकावला. भोवती वाळलेली खपली होतीच, मीच कधी वाकून बघितलं नव्हतं. चालताना गळायचं, गरम इंजिनावर सुकायचं.

पंप उद्या येतोय. बायको म्हणते, हीटरचे पैसे तरी वसूल झाले.