दिवाळखोरीच्या वाटेवर असताना पगाराचं खातं

ज्या बँकेचं कर्ज थकलंय, तिथेच पगार जमा होत असेल तर आधी ते बदला. थकबाकी तुमच्या खात्यातल्या पैशातून वळती करून घ्यायचा बँकेला हक्क असतो. सकाळी पगाराचा मेसेज, दुपारी शिल्लक शून्य!

जिथे तुमचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नाही अशा बँकेत जा आणि ‘बीएसबीडी खातं’ (मूलभूत बचत खातं) असं नाव घेऊनच मागा. नाहीतर काउंटरवरून किमान शिलकीचं खातं गळ्यात मारतात. आधार आणि पॅन (नसल्यास त्याऐवजी भरायचा घोषणापत्राचा फॉर्म) पुरतं. सिबिल स्कोअरची अट नसते. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान 4 वेळा पैसे काढणं मोफत.

मग नवा खाते क्रमांक एचआरला लेखी द्या. जुनं खातं लगेच बंद करू नका. गॅस सबसिडी, पीएफ तिथेच अडकतात. खात्यात पैसे नसल्याने हप्त्याची आपोआप होणारी कपात परतली की दरवेळी दंड, म्हणून कर्ज देणाऱ्याशी आधीच बोला.

दिवाळखोरीचा अर्ज (मुंबईत 1909चा कायदा, बाकी महाराष्ट्रात 1920चा) करताना सगळी खाती दाखवा. मेहुण्याच्या खात्यात फुकट सरकवलेली रक्कम कोर्ट परत ओढू शकतं.