चार फुलपात्री वरच्या विहिरीचं, एक वाडीतलं

नोव्हेंबरात पुण्याचं बिऱ्हाड आवरून गुहागरच्या घरी आलो, तेव्हा कपडे एका बॅगेत मावले आणि कॉफीच्या संसाराला दोन खोकी लागली. व्ही६० म्हणजे कॉफी गाळायचा शंकू, बारीक चोचीची किटली, हाताने फिरवायचा ग्राइंडर, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. पहिल्या सकाळी नेहमीचं माप घेतलं: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, तीन मिनिटं. कप तोंडाला लावला आणि दात आंबले.

काकूने एक घोट घेतला. "अरे, यात गूळ घाल आणि फोडणी दे. कोकमाचं सार होईल."

दोष आधी बियांना दिला. चिकमगळूरची, धुऊन वाळवलेली, हलकी भाजलेली, एस-७९५ जातीची होती. पुण्यात हीच कॉफी मी दोन महिने आवडीने प्यायलो होतो. मग दुसरं पाकीट मागवलं. त्यावर 'रत्नागिरी इस्टेट' वाचून काकू चकित: "आपल्या जिल्ह्यात कॉफी कधीपासून लागली?" ते रत्नागिरी कर्नाटकातलं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तीही आंबट. मग दळण बारीक केलं, पाणी उकळतंच ओतलं. आता आंबट आणि वर कडू. डिसेंबर असाच गेला.

जानेवारीत वरच्या विहिरीचा पंप जळला.

आमच्याकडे विहिरी दोन. एक वर जांभ्याच्या उतारावर, तिचं पाणी घराच्या टाकीत येतं. दुसरी खाली समुद्राकडच्या वाडीत, पुळणीतली, नारळी-पोफळी शिंपायला. पंप दुरुस्त होईपर्यंत चार दिवस वाडीचं पाणी घरात. त्या चार दिवसांत कॉफीतला आंबटपणा गायब! पण चवही गायब. गोल, मऊ, काहीशी मातकट, म्हणजे अगदी पुण्यात लागायची तशी. पुण्यात आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी होतं आणि किटलीत पांढरा थर बसायचा. म्हणजे तिथे जिला मी 'संतुलित' म्हणत होतो, त्या कॉफीचा आंबटपणा पाणीच खात होतं. हे कळल्यावर स्वतःचीच थोडी लाज वाटली. दोन वर्षं लोकांना चवीवर व्याख्यानं दिली होती.

तिकडे काकू कुकरपाशी वैतागलेली. "या वाडीच्या पाण्यात डाळ मेली शिजतच नाही. आणि वरच्या पाण्यात अंगाचा साबण सुटत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे." शाळेत सुफेन म्हणजे मृदू आणि दुष्फेन म्हणजे कठीण पाणी हे पाठ केलं होतं, पण ते कपात शोधावं हे सुचलं नव्हतं.

टीडीएस मीटर होता माझ्याकडे: वरचं पाणी ३५, वाडीचं ३१०. पण तो मीटर फक्त विरघळलेलं किती ते सांगतो, काय ते नाही. समुद्राचं मीठ आणि शिंपल्यांचा चुना त्याला सारखेच. चिपळूणला मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या टाकीचं पाणी तपासायचे थेंब मिळाले. दोन बाटल्या: एक कठीणपणाची, एक अल्कलिनिटीची, म्हणजे आंबटपणा मारणाऱ्या बायकार्बोनेटची. रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. वरचं पाणी दोन्हींत पहिल्याच थेंबाला पालटलं. वाडीच्या पाण्याला कठीणपणाचे अकरा आणि अल्कलिनिटीचे नऊ थेंब लागले. कॉफीसाठी अल्कलिनिटी लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास हवी असं स्पेशालिटी कॉफीवाल्यांचं मानक. वरच्या पाण्यात ती १८, वाडीच्या पाण्यात १६० च्या वर. एकात आंबटपणाला लगाम नाही, दुसऱ्यात तो जागीच ठार.

मग गणित काय, त्रैराशिकच. चार फुलपात्री वरचं, एक वाडीतलं, मिळून अल्कलिनिटीचे साधारण अडीच थेंब. ग्राइंडर पुण्याच्या जुन्या आकड्यावर आणला. त्या सकाळच्या कपात प्रथमच संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी लागलं, आणि कप निवल्यावर गुळासारखं. पाकिटावर हे सगळं छापलेलं असतं. मला ते इतकी वर्षं जाहिरातीची भाषा वाटायची.

काकूला दिली. तिने मान डोलावली, "आता पिववते," म्हणाली, आणि स्वतःसाठी दूध तापत ठेवून जायफळ किसायला घेतलं.

एप्रिल संपता संपता वाडीची विहीर मचूळ लागू लागली. दरवर्षी लागते, पाऊस पडला की मचूळपणा जातो. तोवर त्या पाण्याचा कॉफीला उपयोग नाही. म्हणून लिटरभर पाण्यात १.७ ग्रॅम खायचा सोडा विरघळवून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. वरच्या पाण्यात या द्रावणाचे लिटरला २५ मिलिलिटर घातले की आंबटपणा आवरतो. कठीणपणा मात्र वाढत नाही, त्यामुळे कप जरा पातळ लागतो. चालवून घेतो.

परवा बाटली निम्मी झालेली दिसली. काकूने त्यात वाल भिजवले होते.

"काय ते पाणी आहे रे तुझं," म्हणाली, "बिरडं लोण्यासारखं झालं."